कोरडी सुई

१

सकाळी दहाला सुनंदाबाई पार्लरची खिडकी उघडायच्या, आरशावरून ओलं फडकं फिरवायच्या आणि सुया उकळत ठेवायच्या. सुया हे अलीकडचं. आधीची बारा वर्षं त्यांचा सगळा कारभार दोऱ्यावर आणि लेपांवर चालला होता. जळगावात गणेश कॉलनीतल्या घराची पुढची खोली, एक फिरती खुर्ची, समोर फळीवर उभा केलेला मोठा आरसा आणि बाहेर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी. भुवया कोरायच्या, तोंडाला लेप लावायचा, लग्नसराईत नवऱ्या सजवायच्या. बाईंचा हात हलका आणि जीभ तिखट. ‘‘रूप देवाने दिलंय, मी नुसती धूळ झाडते,’’ असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायच्या. गिऱ्हाईक हसायचं आणि पुन्हा यायचं.

त्यांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, गोंदण होतं. हिरव्या अक्षरांत ‘कोकिळा’ आणि खाली ओळीने पाच ठिपके. कोकिळा त्यांची मुलगी. धुळ्याला एकवीरेच्या यात्रेत तिनेच हट्ट धरून आईच्या हातावर आपलं नाव गोंदून घ्यायला लावलं होतं. ठिपके पाचच हवेत, कारण मी पाच वर्षांची आहे, हेही तिचंच. नवव्या वर्षी ती तापात गेली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. काळ हे औषध असतं म्हणतात, पण सुनंदाबाईंना ते काही लागू पडलं नव्हतं. गिऱ्हाइकाची कातडी डाव्या हाताने ताणून धरली की नाव डोळ्यांसमोर यायचं. त्यावर त्यांचा दिवस निघायचा.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, नवरात्रात धुळ्याला पार्लरवाल्या बायकांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. तिथे एका त्वचेच्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं, की मुरमांनी पडलेले खड्डे मलमाने भरत नाहीत. बाहेरच्या देशांत आता गोंदायचं मशीन वापरतात, पण शाई न घालता. नुसती सुई टोचायची. कातडीला वाटतं जखम झाली, मग ती आपणहून आतून भरून येते. ‘‘तुम्ही मात्र हे घरी करू नका हं,’’ असं म्हणून डॉक्टर हसले. सगळ्या बायका हसल्या. सुनंदाबाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्या एकवीरेच्या देवळाकडे गेल्या. त्यांच्या हातावरचं नाव गोंदून देणारी चमेलीबाई बाहेर अजून त्याच जागी बसत होती. सातपुड्याच्या पायथ्याची म्हातारी, हात आता थरथरायचे, म्हणून एक मशीन विकायलाच काढलेलं. चार सेलांवर चालणारं, दिसायला दरवाज्याच्या घंटीसारखं. सौदा जमला. म्हातारीने शाईची बाटली पुढे केली.

‘‘शाई नको,’’ सुनंदाबाई म्हणाल्या.

‘‘मंग काय टोचशी?’’

‘‘नुसती सुई.’’

चमेलीबाईने मशीन परत घ्यायला हात पुढे केला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला. ‘‘कोरडी नको चालाडजो, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘सुई उपाशी नही ऱ्हास.’’

शाई खपावी म्हणून म्हातारी बोलते, असं सुनंदाबाईंना वाटलं. आपला धंदा कोणाला सुटलाय!

२

दिवाळी झाल्यावर आसोद्याच्या लताबाई आपल्या मंदाला घेऊन आल्या. लताबाईंचं माहेर-सासर दोन्हीकडे केळीच्या बागा, बोलणं खणखणीत, पण त्या दिवशी आवाज उतरलेला होता.

‘‘ताई, पोरगी गुनाची हाये. बीए झाली. पन तोंड पाह्यलं का पाव्हने चहा पिऊन उठता. दोन झाले असे.’’

मंदा बावीस वर्षांची, उंच, अंगाने चांगली भरलेली. हसताना ओढणीचं टोक गालावर धरायची. दोन्ही गालांवर मुरमांचे खोल खड्डे होते, आणि खिडकीचा उजेड तिरपा पडला की ते जास्तच दिसायचे. म्हणून की काय, खोलीत शिरल्या शिरल्या तिने उजेडाकडे पाठ केली.

‘‘आता नशिराबादचं स्थळ हाये,’’ लताबाई म्हणाल्या. ‘‘पोरगा मास्तर. मार्गशीर्षात पाह्याले येतीन.’’

‘‘हेही गेलं तर मग बिजवरच पाहतील माझ्यासाठी,’’ मंदा म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं सुनंदाबाईंना लागलं. आपली असती तर आज पंधरा वर्षांची असती, तिलाही मुरमं आली असती, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. दुखेल. रक्ताचे थेंब येतील. दोन दिवस तोंड लाल राहील. बारा बारा दिवसांनी पाच वेळा यावं लागेल. मंदा म्हणाली, ‘‘करा.’’

सुया उकळल्या. गालावर बर्फ फिरवला. मशीन लावलं तशी खोलीत एक बारीक घरघर भरली. आरशाच्या काचेलाही ती लागत असावी, कारण फळीवरच्या बाटल्या किणकिणायला लागल्या. सुनंदाबाई डाव्या हाताने गाल ताणून धरत, उजव्याने सुई फिरवत गेल्या. मंदाने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण तोंडातून हूं की चूं नाही. पोरगी खरंच गुणाची होती.

काम झाल्यावर हात धुताना सुनंदाबाईंचं लक्ष गेलं. नावाखाली ठिपके चारच होते.

त्यांनी साबण लावून पुन्हा हात धुतला. जणू ठिपका मळाखाली लपलाय. पाचव्या ठिपक्याच्या जागी साधी कातडी होती, डाग नाही, ओरखडा नाही.

३

माणसाच्या डोक्याला कारण लागतं. ते नसलं तर डोकं ते तयार करतं. दहा वर्षांपूर्वीचं यात्रेतलं गोंदण, शाई स्वस्तातली, त्यात बारा महिने स्पिरिटमध्ये हात. उडणारच. सुनंदाबाईंनी स्वतःला हे दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा समजावायची वेळ आली तेव्हा त्या भांडी घासायला बसल्या.

बारा दिवसांनी मंदा आली ती उजेडाकडे तोंड करून बसली. गालांचे उथळ खड्डे चक्क भरून आले होते, आणि जे खोल होते त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. लताबाईंनी सुनंदाबाईंचे हातच धरले. ‘‘ताई, तुमच्या हाताले सोन्याचं कडं घालाले पाह्यजे!’’

सुनंदाबाई खूश झाल्या. का होऊ नये? डॉक्टर हसले होते, आणि इथे पत्र्याच्या डब्यासारख्या मशीनने त्यांनी करून दाखवलं होतं.

दुसरी बैठक झाली. मंदाने पाणी मागितलं. सुनंदाबाई कापूस गोळा करत होत्या, म्हणाल्या, ‘‘आत जाऊन घे गं. माठाजवळ पेले आहेत.’’

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. आणि मग स्टीलवर नखाचा. टिक, टिक, टिक.

सुनंदाबाईंच्या हातातला कापूस खाली पडला.

कोकिळा लहान असताना पेल्यातली मुंगी तिच्या जिभेला चावली होती. तेव्हापासून ती पाणी प्यायच्या आधी पेल्यावर नखाने तीनदा वाजवायची, मुंगीने निघून जावं म्हणून. शाळेतही, लोकांच्या घरीही, आणि दवाखान्यात शेवटच्या दिवशीही.

मंदा बाहेर आली. तिच्या हातात चेपलेला छोटा पेला होता. तो माठाजवळ नसायचा. तो फडताळात, वरच्या डब्यांच्या मागे, सहा वर्षं उपडा होता.

‘‘हा कुठे सापडला तुला?’’

मंदाने पेल्याकडे पाहिलं. ती खरोखर गोंधळली होती. ‘‘समोरच तर होता,’’ ती म्हणाली.

त्या गेल्यावर सुनंदाबाईंनी दार लावून घेतलं आणि बाही वर केली. एकही ठिपका उरला नव्हता.

४

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. कोणालाही कळावं, इतकं ते उघड होतं. पण तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी सुनंदाबाईंनी फडताळ पुसलं, तो छोटा पेला चिंचेने घासला आणि माठाजवळ आणून ठेवला. असं का केलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

त्या दिवशी मशीन चालू असताना दुसराच एक आवाज येत होता. ठप, ठप, ठप. थोडं थांबून पुन्हा ठप, ठप. खुर्चीच्या पुढच्या पट्टीवर टाचा आपटल्याचा. पाय जमिनीला पुरत नसले की पोरं लोंबत्या टाचा आपटतात, तसा. सुनंदाबाईंनी वाकून पाहिलं. मंदाचे पाय लांब होते. दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले, अगदी स्थिर.

त्यांनी मान वर केली तसा आवाज पुन्हा सुरू झाला.

‘‘मंदा, टाचा कोण वाजवतंय?’’

‘‘कोणाच्या?’’ मंदा म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठांवर थोडं हसू होतं. सुई गालात जात असताना कोणी हसत नाही.

उन्हाचा पट्टा तिच्या गालावर आला तेव्हा नव्या, नितळ कातडीखाली सुनंदाबाईंना काहीतरी दिसलं. कानाच्या पाळीजवळ, ओळीने, फार फिकट. शिरा असतील. गोऱ्या कातडीखाली शिरा हिरव्याच दिसतात. त्यांनी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर पाच भरल्या असत्या, याची त्यांना भीती होती.

हातावरची पहिली दोन अक्षरं गेली होती. तरीही चौथ्या बैठकीची तारीख त्यांनी आपल्या हाताने कॅलेंडरवर लिहिली. त्यांना भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोला, दोन्हींपेक्षा मोठा असा आनंदही वाटत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कोणीतरी येणार होतं.

५

सुनंदाबाईंचे यजमान लीलाधर नरडाण्याच्या कारखान्यात फिटर होते. आठवडाभर तिकडेच राहायचे, शनिवारी घरी. अबोल माणूस. मुलगी गेल्यावर तर घरात त्यांच्या पावलांचाच काय तो आवाज.

चौथी बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. हातपाय धुऊन, टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, ‘‘उद्या कोकिळाचा दिवस. खीर करशील ना?’’

सुनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. ‘‘कोणाचा दिवस?’’

‘‘कोकिळाचा.’’

‘‘कोण कोकिळा?’’

त्यांनी ते अगदी सहज विचारलं, जसं कॉलनीतल्या कोणाबद्दल विचारावं. लीलाधर टॉवेल तोंडाशी तसाच धरून उभे राहिले. 

मग ते एकदम परतलं. सगळं नाही, थोडंच. ताप आठवला, दवाखाना आठवला, पेल्यावरचं नख आठवलं. चेहरा आठवेना. आईला चेहरा आठवेना! चेहऱ्याच्या जागी मंदाचे नितळ गाल येत होते. ताटातले तांदूळ सांडले आणि त्या ते गोळा करत बसल्या, एक एक दाणा, मान वर करावी लागू नये म्हणून.

लीलाधर शेजारी उकिडवे बसले. त्यांनी बायकोचा डावा हात हातात घेतला, उलटा केला. एक उभी रेघ उरली होती, बोटाच्या पेराएवढी.

‘‘हे काय केलंस?’’ त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी सुनंदाबाईंनी मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळलं, पत्र्याच्या पेटीत घातलं, पेटीला कुलूप लावून माळ्यावर चढवली आणि किल्ली देवापुढे ठेवली. ‘‘आता नाही,’’ त्या म्हणाल्या. लीलाधर सोमवारी पहाटेच्या गाडीने गेले तेव्हा त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. सुनंदाबाईंचाही बसला होता.

६

पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी, ठरल्या दिवशी, लताबाई पेढे घेऊन आल्या. मागे मंदा.

‘‘जमलं, ताई! साखरपुडा झाला. मास्तरच्या मायने पोरीच्या गालाले हात लावून पाह्यला, म्हने बाई, लोनी हाये.’’

सुनंदाबाईंनी पेढा घेतला. आता सांगून टाकावं, काम झालं, पाचव्यांदा यायची गरज नाही. त्यांनी तोंड उघडलं, तर लताबाईच जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला.

‘‘एक इचारू? पोरगी हाक मारली तं पाह्यत नाही. चार चार डाव मारा लागते. लग्नाचं मनावर घेतलं असन, नाही का? अन् भरीत खात नाही. आसोद्याची पोरगी अन् भरताले नाही म्हनते! लहान पोरासारखी ताट सरकावते.’’

‘‘लग्न ठरलं की होतं असं,’’ सुनंदाबाई म्हणाल्या. म्हणाल्या, आणि आपल्याच गुळगुळीत आवाजाचा त्यांना राग आला. समोर एक आई विचारत होती, आणि त्यांना ठाऊक होतं.

‘‘मी म्हनलं बी तेच,’’ लताबाई समाधानाने उठल्या. ‘‘मी ओट्यावर बसते. आटपा तुमचं. साडेतीनची बस हाये.’’

‘‘अहो, आज...’’

पण लताबाई बाहेर गेल्या होत्या आणि मंदा खुर्चीत बसली होती.

‘‘मंदा, आज नाही करायचं,’’ सुनंदाबाई म्हणाल्या. ‘‘छान झालाय चेहरा. लग्न कर, सुखी राहा. इथे पुन्हा येऊ नकोस.’’

मंदाने नाही म्हणून मान हलवली. तिच्या एका हातात छोटा पेला होता. तो तिने कधी आणला, ते सुनंदाबाईंना कळलं नव्हतं. टिक, टिक, टिक. ती पाणी प्यायली आणि पेला फळीवर ठेवला.

‘‘थोडंच राहिलंय,’’ ती म्हणाली.

सुनंदाबाईंनी आरशात पाहिलं.

खुर्चीत मंदा होती. उंच, ताठ, पाठ टेकलेली. आरशात तिचा चेहरा अर्ध्या काचेपर्यंत यायला हवा होता, रोज यायचा. आरशात खुर्चीची रिकामी पाठ दिसत होती, आणि अगदी खाली, फळीच्या काठावर, मधोमध पाडलेला भांग, कपाळ आणि दोन डोळे. बाकीचं फळीमागे. खुर्चीत बसून जिला एवढंच दिसायचं, आणि एवढंच दिसतं म्हणून जी रोज कुरकुरायची, तिचे डोळे.

ते डोळे हसले.

सुनंदाबाईंनी किल्ली देवापुढून कधी उचलली, शिडी कधी लावली, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं. कुलूप काढताना मात्र त्यांना लताबाई आठवल्या. ओट्यावर बसलेल्या, चपला बाजूला काढून, पोरीचं भलं होतंय म्हणून निश्चिंत. ते आठवून त्या क्षणभर थांबल्या. क्षणभरच. खालून टाचांचा आवाज आला, ठप, ठप, ठप, आणि त्यांनी लुगडं सोडवलं.

७

सुया त्या दिवशी उकळल्या नाहीत. मशीन लावायच्या आधीच बाटल्या किणकिणायला लागल्या होत्या. हनुवटीजवळ शेवटचा एक खड्डा होता, मुगाच्या दाण्याएवढा. सुनंदाबाईंनी डाव्या हाताने कातडी ताणली आणि उजव्याने सुई टेकवली. रक्ताचा एक थेंब आला. तो पुसला. खड्डा नव्हता.

मशीन बंद झालं. खोली इतकी शांत झाली, की बाहेर सायकलवरून जाणाऱ्याची घंटी आत आल्यासारखी वाजली.

‘‘झालं?’’ खुर्चीतून आवाज आला. बारीक, थोडा घोगरा, तापातून उठल्यासारखा.

सुनंदाबाईंना रडू फुटलं. सहा वर्षांचं साठलेलं होतं. त्यांनी त्या गालांवरून हात फिरवला, कपाळावरून, कानांवरून. ‘‘आलीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आलीस गं माझी बाय.’’

बाहेरून लताबाईंचा खणखणीत आवाज आला. ‘‘मंदे! ओ मंदे! चाल, बस निंघून जाईन!’’

खुर्चीतल्या पोरीने मान वळवली नाही. ती सुनंदाबाईंकडेच बघत होती, तोंड वर करून, वाट बघत.

‘‘आई, तू मार ना हाक,’’ ती म्हणाली. ‘‘तू हाक मारलीस की मी येते.’’

सुनंदाबाईंनी तोंड उघडलं.

जिभेवर काहीच नव्हतं. त्यांनी डावा हात उलटा केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी कोरी होती, तान्ह्या बाळाच्या हातासारखी. त्यांनी तिथे अंगठा घासला. डोळे मिटले. यात्रा आठवली, घरघरणारं मशीन आठवलं, मांडीवर बसून हट्ट करणारी कोणीतरी पोर आठवली. ती काय लिहायला सांगत होती?

‘‘मार ना,’’ पोर म्हणाली. तिचा ओठ थरथरायला लागला होता.

‘‘मंदे!’’ ओट्यावरून पुन्हा हाक आली. या वेळी तिच्यात थोडी भीती होती. चपला घातल्याचा आवाज आला, मग दाराकडे येणारी पावलं.

सुनंदाबाई त्या पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि एकामागून एक, आठवतील ती मुलींची सगळी नावं घेत सुटल्या.